समोरून पाहिलेला किनारा

जानेवारीतली सकाळ, साडेदहाचा सुमार. हर्णैच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून दोनेक मैलांवर आमची सव्वीस फुटी शिडाची बोट जागच्या जागी डुलते आहे. पहाटे तीनपासून डाव्या गालाला लागणारा मतलई वारा मघाशी पडला. शीड वाळत घातलेल्या ओल्या लुगड्यासारखे लोंबते आहे. सुकाणूचा दांडा हातात आहे, पण त्यात जीव नाही. अशा वेळी नवख्याचा हात इंजिनाच्या किल्लीकडे जातो. मुरलेला माणूस पश्चिमेकडे बघत बसतो. क्षितिजाच्या जरा अलीकडे पाण्यावर एक गडद रेघ उमटते, ढगाची सावली वाटावी इतकी पुसट. पण सावली सरकून जाते, ही रेघ रुंदावत येते. तिच्या अलीकडचे पाणी तेलासारखे गुळगुळीत, पलीकडचे बारीक खवल्यांचे. मग उजव्या कानाला काहीतरी गार लागते, शिडाची कड एकदा फडफडते, आणि दोन मिनिटांत बोट कलून चालू लागते. खारा वारा आला.

गाण्याच्या बैठकीत विलंबित संपवून गवई क्षणभर थांबतो, तंबोरे तेवढे वाजत राहतात, तसा हा मधला अर्धा-पाऊण तास. वरवर सगळे थांबलेले, आणि दुपारची चाल मात्र इथेच ठरत असते. रेघ दहाच्या आत दिसली तर तीन वाजता शीड लहान करावे लागणार. बारा उलटून गेले तर आज फार मोठी मजल नको, जवळचेच बंदर गाठावे. निदान माझा अनुभव तसा आहे. इंजिनाच्या धडधडाटात हा तास ओलांडला की वारा मिळतोच, पण तो जन्मताना पाहण्याचे सुख हातचे जाते.

या किनाऱ्याची रचना कळण्यासाठी हे दोन वारे ओळखीचे व्हायला हवेत. रात्री जमीन निवते, समुद्र मात्र ऊब धरून राहतो. म्हणून उत्तररात्री वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. तो मतलई. दिवसा सडे, म्हणजे किनाऱ्यालगतची खडकाळ पठारे, तापले की उलट होते आणि समुद्रावरून खारा वारा सुटतो. हिवाळ्यात तो पश्चिमेकडून सुरू होतो आणि दुपार कलेल तसा वायव्येकडे सरकतो. आपला किनारा सरळ उत्तर-दक्षिण नाही, तो खाली जाताना जरा पूर्वेला झुकतो. त्यामुळे मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या शिडाला हा वारा बरोबर उजव्या खांद्यामागून मिळतो, आणि शिडाच्या बोटीला याहून लाडका वारा नाही. म्हणून दक्षिणेला जाणे म्हणजे उतार आणि उत्तरेला येणे म्हणजे घाट. घाट चढायचा तर रात्री, किनाऱ्याला चिकटून, मतलईवर. मुंबई ते पणजी सव्वादोनशेच्या आसपास सागरी मैल. आम्ही ते आठ-नऊ दिवसांत, बंदर-बंदर करत उतरतो. जुनी गलबते आणि पडावही याच वेळापत्रकाने चालत. ते कुणी छापले नव्हते, रोज सकाळी पाण्यावर उमटायचे.

आता शिडाकडे या. मासेमारीच्या बोटींवर ते आज जवळजवळ उरलेले नाही, पण जयगडच्या खाडीत कौले आणि लाकूड वाहणारे मचवे मी लहानपणी पाहिले आहेत. एकच डोलकाठी, आणि तीही ताठ नव्हे, नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, झुकलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती चूक वाटते. वाऱ्याने वाकली असावी असे वाटते. पण तिच्यावर लांबलचक परभाण, म्हणजे शीड बांधायचा दांडा, तिरकी टांगलेली असते, खालचे टोक नाळेशी, वरचे आभाळात. काठी पुढे झुकलेली असल्यामुळे ही परभाण आणि तिचे शीड काठीला न घासता मोकळे लटकते. बाजू बदलायची वेळ आली की खरी गंमत. नाळ वाऱ्यात घालायची नाही. वाऱ्याला पाठ देऊन बोट वळवायची, परभाण उभी करायची, आणि ती काठीच्या पुढून पलीकडे न्यायची. तेवढ्या क्षणात सुटलेले शीड बावट्यासारखे पुढे उडते, आणि दामण, म्हणजे शिडाची दोरी, हातात घेतलेला खलाशी काठीला वळसा घालून ते पलीकडे ओढून आणतो. हे सगळे तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, एका हाकेवर, एकही शब्द वाया न घालवता. पतेमारीची तर आणखी खुबी पाण्याखाली: तिचा पठाण, म्हणजे ज्या कण्यावर सारी बोट उभी राहते ते लाकूड, मधे कमानीसारखे वर उचललेले आणि पुढे खोल. पुढचा भाग पाणी धरून ठेवतो, म्हणून बोट वाऱ्याबरोबर बाजूला फार घसरत नाही. मधली पोकळी तिला चटकन वळू देते. आमच्या बोटीची दोन शिडे वाऱ्याच्या तोंडाशी अधिक जवळून चालतात, आणि त्यांची बाजू दोन दोऱ्या ओढून घडीभरात बदलते. तरीही खांद्यामागच्या वाऱ्यावर एका मोठ्या तिरक्या शिडाचा जो डौल असतो तो आमच्या दोन शिडांना नाही.

आजच्या यांत्रिक बोटींवर परभाण गेली, पण नाळ बघा. पुढे झेपावलेली, टोकदार, लाटेला कापण्यापेक्षा तिला बाजूला सारणारी. शीड उतरले तरी शिडाने घडवलेले अंग राहिले.

मुंबईहून निघाल्यावर पहिल्याच दुपारी खांदेरी उजव्या हाताला येते. 1867 सालचा दीपस्तंभ, खाली तट, आणि कोळ्यांचा वेताळ. 1679 मध्ये इथे इंग्रजांच्या मोठ्या जहाजांनी नाकेबंदी केली, तेव्हा शिवाजी महाराजांच्या लहान, उथळ होड्या रात्रीच्या अंधारात बेटावर रसद पोहोचवत राहिल्या. थळच्या किनाऱ्यापासून बेटापर्यंतचे ते थोडेसे पाणी शिडाने ओलांडताना, ओहोटीला डोके काढणारे खडक बघत, तो इतिहास एकदम समजतो. जड जहाजाला जिथे धास्ती, तिथे हलक्या होडीला घराचे अंगण.

हर्णैला रस्त्याने गेलात तर आधी दापोलीचा घाट उतरता, मग एसटीचा थांबा, टपऱ्या, भिंतींच्या मागच्या बाजू, सांडपाण्याची मोरी. म्हणजे गावाची पाठ. समुद्राने येताना तेच गाव समोरून भेटते. आधी सुवर्णदुर्गाचा काळा तट पाण्यातून वर येतो. मग त्याच्या मागून कनकदुर्गाच्या टेकडीवरचा दीपस्तंभ. मग दोहोंच्या मधल्या जागेत नांगरलेल्या बोटींचे रंगीबेरंगी दाट रान. इथे एक बारकावा आहे. वायव्येकडून येणारी लाट सुवर्णदुर्गाच्या बेटावर फुटते आणि त्याच्या आडोशाचे पाणी मऊ होते. आम्ही त्या रेषेतून आत शिरलो तेव्हा बोटीचे हेलकावे दहा-बारा हातांच्या अंतरात थांबले; ताटातली आमटी हिंदकळायची बंद झाली. हे बंदर इथेच का वसले, किल्ला इथेच का बांधला, त्याचे उत्तर एका आमटीच्या ताटात मिळाले.

किनारा उथळ, म्हणून मोठ्या बोटी लांबच थांबतात. मासळी छोट्या होड्यांतून, आणि बैलगाड्यांतूनही, पुळणीवर येते. छातीएवढ्या पाण्यात निमूट उभे असलेले बैल, चाकांच्या आऱ्यांतून फिरणारी लाट, आणि गाडीत कोलंबीच्या, पापलेटांच्या पाट्या. ही जोडी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. संध्याकाळच्या लिलावात बोली लावणाऱ्या बायकांकडे नीट पाहावे. माल बघताना त्या माशाच्या डोळ्याकडे आणि कल्ल्याकडे एकदाच नजर टाकतात, पण पाटीच्या तळाशी हात घालून खालचा थर आधी चाचपतात. वरचा थर विकणाऱ्याने रचलेला असतो हे त्यांना ठाऊक. तेवढ्यात भाव ठरतो, आकडा मनात बसतो, आणि कागद कुठेच नसतो.

खरी परीक्षा मात्र खाडीच्या मुखाशी. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन: घाटावरून उतरलेली प्रत्येक नदी समुद्राला भेटताना वाळूचा एक आडवा बांध टाकते, आणि दर पावसाळ्यात तो जागा बदलतो. छापील नकाशा इथे जुना झालेला असतो. इथे चालते ती तिथी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे दुपार-मध्यरात्रीच्या अलीकडे. मुंबईचा हा हिशेब दक्षिणेला जाल तसा थोडा लवकर धरायचा. कोळीवाड्यातले पोरही हा गुणाकार बोटांवर करते. पण त्याची खरी चव पुढच्या पायरीत आहे. पौर्णिमा-अमावास्येला दुपारभर ओहोटी असते, उधाणाची असल्यामुळे जोरदार. आणि नेमका तेव्हाच खारा वारा भरात आलेला असतो. बाहेर पळणारे पाणी आणि आत ढकलणारा वारा मुखावर एकमेकांना भिडतात, आणि लाटा पसरायच्या सोडून भिंतीसारख्या उभ्या राहतात. चतुर्थीला तेच मुख दुपारी दोन वाजता शांत, कारण पाणी आणि वारा दोघेही आत निघालेले. पंचांगाच्या एका ओळीत बंदरात कधी शिरावे आणि कधी शिरू नये हे दोन्ही लिहिलेले आहे.

आणि शिरायचे तेही पूर्ण भरतीला नव्हे. भरती अर्धी उलटली की. तेव्हा वाळूच्या कडा अजून दिसत असतात, पाण्याच्या रंगातला फरक कळतो, आणि बोट टेकलीच तर चढणारे पाणी तिला उचलते. पूर्ण भरतीला सगळे सारखे सपाट, आणि तेव्हा टेकलेली बोट पुढचे बारा तास तिथेच. पूर्णगडच्या मुखाबाहेर आम्ही तासभर शीड उतरवून थांबलो होतो. उत्तरेच्या टेकडीवर तो इवलासा किल्ला, समोर पांढरा फेस, आणि फेसात कुठेतरी एक फट. मग मागून एक छोटी होडी आली, तिच्यातल्या दोघांनी आमच्याकडे पाहिले, वेग कमी केला, आणि हाताने मागून या अशी खूण केली. ती होडी सरळ गेली नाही. दक्षिणेच्या वाळूला घासून जावी इतकी कडेने गेली, मग एकदम डावीकडे वळली. आमच्या मनात जी वाट होती तिच्यापासून ती पन्नास हात लांब होती.

त्या दोघांनी वळायची जागा कशी ओळखली? खुणांनी. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू धरायच्या, एक पुढची, एक मागची: देवळाचा कळस आणि त्यामागच्या सड्यावरचे एकटे झाड, किंवा कड्याचे टोक आणि त्यामागचा डोंगर. दोन्ही एका रेषेत आहेत तोवर आपण वाटेवर. मागची वस्तू पुढचीच्या डावीकडे सरकली की आपण डावीकडे ढळलो, उजवीकडे यायचे. ही रेषा केसाएवढ्या चुकीचीही चुगली करते. आज तांडेलाच्या समोर जीपीएसचा पडदा असतो आणि तो त्याचा वापर उत्तम करतो, पण मुखात शिरताना त्याची मान वर असते. बाहेर भर समुद्रात दुसरी अशीच एक विद्या: शिशाच्या वजनाला चरबी लावून दोरी सोडायची, वाव मोजायचे, आणि वर आलेल्या चरबीला काय चिकटले ते बघायचे. चिखल, वाळू, शिंपल्यांचा चुरा. चरबी कोरीच आली तर खाली खडप, म्हणजे खडक. अंधारातही समुद्राचा तळ असा बोटाने वाचता येतो.

रत्नागिरी मागे पडते तसे आणखी काहीतरी बदलते, आणि ते पहिल्या फेरीत माझ्याही लक्षात आले नव्हते. उत्तरेला, वेसाव्यापासून खाली रायगडच्या किनाऱ्यापर्यंत, पाण्यात डोलीचे खुंट आणि बावटे दिसतात. पुळणीवर बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत असतात. डोल म्हणजे मोठी निमुळती पिशवी. तिला कुणी ओढत नाही, ती प्रवाहाला तोंड करून बांधलेली असते, आणि भरती-ओहोटीचे पाणीच मासळी तिच्यात आणून घालते. म्हणून तिला पाण्याची ओढ हवी. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार-पाच मीटर चढते-उतरते. तिथे डोल फुगते. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत ओढ मंदावते, बोटी घरी, आणि साऱ्या गावभर जाळी शिवणे चाललेले. गोव्याकडे तेच पाणी दोन मीटरांच्या आसपास हलते. तिथे डोल रिकामीच लोंबेल. म्हणून खाली हळूहळू खुंट दिसेनासे होतात, चिखलाचे पाणी हिरवे आणि मग निळे होते, कोळी आणि खारवी यांच्या वाड्यांनंतर गाबितांच्या वाड्या लागतात, बोंबलाच्या जागी बांगडा येतो, आणि जाळे पाण्यात उभे राहण्याऐवजी माणसे ते ओढायला पुळणीवर उभी राहतात. यातले बरेच बदल पाण्याच्या अडीच-तीन मीटरांच्या फरकातून उमलले आहेत. गाडीतून जाणाऱ्याला ते वेगवेगळे चमत्कार वाटतात. ताशी पाच मैलांनी जाणाऱ्याला एकाच सुरावटीतले स्वर ऐकू येतात.

देवगड आणि मालवण यांच्या मधल्या एका वाडीसमोर आम्ही संध्याकाळी पोहोचलो. कुणकेश्वराचे देऊळ अगदी लाटेच्या काठाशी उभे, ते मागे टाकून आलो होतो. नांगर सोडणार तोच उलांडीच्या होडीतून एक म्हातारा वल्हवत आला. उलांडी म्हणजे होडीच्या एका बाजूला, आडव्या दांड्यांवर धरलेले तरते लाकूड. अरुंद होडी लाटेवर उलटू नये म्हणून. त्याने आमच्या बोटीला हात लावला नाही, चार हात लांब थांबला.

"थंय टाकू नकात, खाली खडप आसा. जरा हंय येवा, वाळू आसा."

त्याने दाखवलेली जागा आमच्या जागेपासून पन्नास-साठ हातांवर. नांगर तिथे टाकला. मग मी किनाऱ्यावर उतरू का विचारले, तेव्हा त्याने पुळणीकडे पाहिले आणि सांगितले की सकाळी रापण पडणार आहे, बोट अशीच राहू दे, पण छोटी होडी उत्तरेच्या टोकाशी लावा. हा शिष्टाचार कुठल्या पुस्तकात नाही. आधी जागा विचारायची, मग नांगर. आधी जाळ्याची वाट विचारायची, मग उतरायचे. दुसऱ्याच्या अंगणात शिरताना चपला कुठे काढायच्या ते विचारावे, तसे.

सकाळी रापण पाहिली. दोरीचे एक टोक पुळणीवर ठेवून होडी अर्धवर्तुळ घेत समुद्रात जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक लांब दक्षिणेला किनाऱ्यावर आणते. मग दोन्ही टोकांना माणसे. पन्नासाहून अधिक: तरुण, म्हातारे, शाळेला निघालेली मुले. ओढण्यात घाई नाही. पाय वाळूत रोवून सगळे एकदम मागे झुकतात. शेवटचा माणूस मागे पोहोचला की दोरी सोडून चालत पुढे पाण्याच्या कडेला येतो आणि पुन्हा धरतो. त्यामुळे रांग संपत नाही, रहाटाच्या माळेसारखी फिरत राहते. आणि दोन्ही टोकांमधले अंतर! ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे पावला-पावलाने सरकतात, आणि हे सरकणे इतके सावकाश की नजर काढून पुन्हा पाहिल्याशिवाय कळत नाही. एक टोक पुढे गेले तर जाळे वाकडे होऊन मासळी निसटेल. हुकूम देणारा कुणी दिसला नाही. एक वयस्क माणूस मधे उभा राहून फक्त कधी इकडे, कधी तिकडे बघत होता. शेवटी जाळ्याचा घोळ उथळ पाण्यात आला आणि आतले पाणी चांदीसारखे उकळले. बांगडे, थोडी तारली, एक मोरी. वाटे पडले: जाळ्याचा, होडीचा, माणसांचा. दोरीला हात लावला म्हणून आमच्याही हातात सहा बांगडे आले. नको म्हणण्याची सोय नव्हती, कारण तो आमचा वाटा होता.

रापण पूर्वीइतकी भरत नाही हे तिथले सगळे सांगतात. रात्री दक्षिणेच्या क्षितिजावर प्रखर पांढरा उजेड दिसला, चंद्र उगवायची वेळ नसताना. तो एलईडी दिव्यांचा. अशा दिव्यांनी मासळी गोळा करण्याला केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली आहे. किनाऱ्यापर्यंत यायची मासळी त्या उजेडापाशीच थांबते, आणि ज्या दोरीला वाडीतल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांचे हात लागतात ती रिकामी येते. मला तो उजेड बघवला नाही.

पहाटे तीनला उठलो. वारा अजून पाण्यावर दिसत नव्हता, पण आधी वास आला. मतलई वारा हातांना जाणवण्यापूर्वी नाकाला कळतो: चुलीचा धूर, शेण, ओली वाळू, सुकत घातलेली मासळी, आणि या सगळ्यांवर आंब्याचा मोहोर. दिवसा समुद्राकडे तोंड करून असलेले गाव रात्री असे वाऱ्यावरून बोटीपर्यंत येते. मोठे शीड चढवले, ते एकदा सळसळले आणि भरले. पुढे जाऊन मी नांगराची दोरी हात-हात ओढू लागलो. म्हाताऱ्याच्या वाडीत एकच दिवा होता. नांगर पाण्यावर आला तेव्हा विजेरी त्याच्यावर धरली: दातांत खडपाचा एकही ओरखडा नाही, मुठीएवढी स्वच्छ पांढरी वाळू, आणि तिच्यात एक अख्खा शिंपला.